शिमग्याची रजा आणि वीस मार्च

महाड-पोलादपूरच्या चाकरमान्याची रजा दोन सणांभोवती फिरते, गणपती आणि शिमगा. मुंबईत गिरणी असो, गोदी असो की हल्लीचं ऑफिस, साहेबाला सांगायची कारणं तेवढी बदलली. एरवी म्हाताऱ्याकोताऱ्यांवर चालणाऱ्या वाड्या त्या दिवसांत माणसांनी भरतात.

या गर्दीच्या नजरेतून १९२७ सालाकडे सहसा कोणी पाहत नाही. त्या वर्षी फाल्गुन पौर्णिमा १७-१८ मार्चला आली आणि कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली १९ आणि २० मार्चला. होळीची राख अजून निवायची होती. शिमग्याला घरी आलेल्या माणसाला परतीची वाट धरण्याआधी परिषद गाठता येत होती. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तळं सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चाच. तीन वर्षं तो कागदावर होता.

दुसरी परिषद भरली २५ डिसेंबरला. महाडात नाताळ पाळणारे किती असणार? पण इंग्रजी अमलात कोर्ट, कचेऱ्या, शाळा एकदम बंद राहत त्या याच आठवड्यात. वकील, कारकून, मास्तर मोकळे. काँग्रेसही आपली अधिवेशनं बहुधा याच सुट्टीत भरवी. त्या साली ते मद्रासला होतं. आंबेडकर २४ तारखेला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले आणि सगळे पायी महाडला आले. रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर जायला मात्र कोर्टाची मनाई होती. तो दावा हायकोर्टात निकाली निघाला १९३७ च्या मार्चमध्ये.

दासगावची बोट गेली. १९९३ मध्ये कोकण रेल्वे वीरपर्यंत आली, पण महाडकरांचा मुख्य भार अजून महामार्गावर आणि एसटीवरच. पोलादपूरला आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जाणारा फाटा फुटतो, त्यामुळे सुट्टीत चाकरमान्यांच्या गाड्यांत पर्यटकांच्याही मिसळतात. त्यात २० मार्चला चवदार तळ्यावर दरवर्षी राज्यभरातून लोक येतात.

२०२७ मध्ये सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. २० मार्च शनिवारी आहे, २१ ला रात्री होळी, २२ ला धुळवड. शिमगा आणि शताब्दी दोन्ही साधायची असतील, तर शुक्रवारची रजा आत्ताच टाका आणि रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, हे ध्यानात ठेवा.