वायदा कुणाचा, जबाबदारी कुणाची?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

शेअर बाजाराची बोली कान देऊन ऐकली, तर एक गंमत लक्षात येते. ‘सौदा’ हा शब्द फारसीतून आला; ‘दलाल’ आणि ‘वायदा’ अरबीतून. वायदा म्हणजे वचन. माझ्यासारख्या कवीला या बाजाराच्या इतिहासाची ओढ लागली ती या एका शब्दामुळे.

१८५० च्या दशकात मुंबईत टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली मूठभर दलाल जमत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि अनेक धनिकांचे दिवाळे निघाले. पुढे १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना बांधली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. शंभराहून अधिक वर्षे तिथले सौदे ओरडून आणि हातांच्या खुणांनी होत राहिले.

तो काळ फार चांगला होता, असे मात्र नाही. दलालाने कोणत्या भावाने घेतले आणि आपल्याला कोणता सांगितला, हे गिऱ्हाइकाला कळत नसे. सर्टिफिकेटे टपालात गहाळ होत. सही जुळली नाही म्हणून परत येत. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर सौदे सुरू केले, १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारही पडद्यावर आला. १९९६ मध्ये डिमॅट आले, २००० मध्ये इंटरनेट. सोलापूरच्या माणसाला मुंबईचा भाव त्याच क्षणी दिसू लागला. ही मोठीच लोकशाही होती.

पण दलालाचा चेहरा गेला आणि त्याच्या जागी यंत्र आले. ते बंद पडले तर दाद कुणाकडे मागायची?

२४ फेब्रुवारी २०२१ चा दिवस आठवा. सकाळी ११.४० वाजता राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले. दूरसंचार जोडण्या बिघडल्या आणि जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली, असे कारण देण्यात आले. मुंबई शेअर बाजार चालू होता. त्याच दिवसापुरते सौदे केलेल्या अनेक गिऱ्हाइकांचे सौदे दलालांनी तिथे घाईने मिटवून टाकले. नेहमीची वेळ संपत आली तेव्हा जाहीर झाले, की बाजार ३.४५ ते ५ पुन्हा उघडणार. उघडला आणि भाव वर गेले. ज्यांचे शेअर आधीच विकले गेले होते, त्यांनी हा तमाशा नुसता पाहिला.

लहान प्रमाणात हा अनुभव मीही घेतला आहे. एका दलाली कंपनीचे अ‍ॅप ऐन सकाळी गोठले. फोन लावला, तर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य आणि संगीत. दुपारी तक्रारीचा क्रमांक मिळाला. तीन दिवसांनी संदेश आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ काय निराकरण झाले, ते मला आजतागायत कळलेले नाही.

नियम बदलले, हे सांगायलाच हवे. मार्च २०२१ मध्ये सेबीने बाजारांना बजावले, की महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करा. २०२२ मध्ये दलालांच्या यंत्रणांतील बिघाडांसाठीही नियम आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये एक वेगळी सोय सुरू झाली. दलालाची यंत्रणा कोलमडली, तर गुंतवणूकदाराला बाजाराच्या व्यासपीठावरून आपले उघडे सौदे मिटवता येतात. नवे सौदे मात्र करता येत नाहीत.

तेव्हा श्रोतेहो, अ‍ॅप घेताना दलाली किती स्वस्त, एवढेच पाहू नका. ते बंद असताना सौदा करण्यासाठी फोनचा नंबर आहे का आणि तो उचलला जातो का, तेही पाहा. बिघाडाची वेळ आणि ऑर्डरचा क्रमांक लिहून ठेवा, पडद्याचे चित्र जपा. आधी दलालाकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही, तर सेबीची ‘स्कोअर्स’ ही सोय २०११ पासून आहे.

वडाखालच्या दलालाने शब्द मोडला, तर दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखाली त्याला गाठता येत असे. यंत्राला अब्रू नसते. ती त्याच्या मालकाला असते, आणि वायदा पाळायचा आहे तो त्यानेच.