पेटंट : उघडं पत्र

‘त्याचं ते पेटंट उत्तर!’ असं आपण म्हणतो तेव्हा ते उत्तर शिळं असतं. पेटंट कार्यालयात मात्र शिळं काही खपत नाही.

शब्द लॅटिन ‘पातेरे’चा, म्हणजे उघडं असणं. इंग्लंडच्या राजाची काही पत्रं मोहर न फोडता वाचता येत; मोहर खाली लोंबत असे. तीच ‘लेटर्स पेटंट’.

आता पेटंट कार्यालयात शिळं का खपत नाही, ते पाहू. भट्टीच्या पोलादी कवचाला आतून वेल्ड केलेला, व्ही आकाराचा अँकर घ्या. उष्णतारोधक अस्तर तोच धरून ठेवतो. टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या. त्या जळून जातात आणि तापून फुगणाऱ्या धातूला जागा मिळते. हुशारी खरी, पण जुनी. नुसता बाक बदलून अर्ज केला, तर परीक्षक विचारणारच : यात नवं काय? जाणकार कारागिराला हे सहज सुचलं नसतं का?

आणि पेटंट म्हणजे गुपित? छे! भारतात अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, कुणीही उघडून वाचावा असा.