रडण्याआधीचा फोटो

परवा भाच्याच्या लग्नात आत्याने भर पंगतीत विचारलं, "काय रे, पेपरात फोटो काढायचास ना तू? ते सोडलंस का?" तेव्हा जिलबीचं निमित्त करून उत्तर टाळलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितोय. आत्या, वाचशीलच!

उत्तर माझ्यापासून नाही, होमाई व्यारावालांपासून सुरू करतो. या बाईंबद्दल मी पूर्वीपासून मिळेल ते वाचत आलोय.

जन्म नवसारीचा, १९१३ सालचा, पारशी घरातला. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा हातात दिला तो माणेकशांनी, म्हणजे पुढे ज्यांच्याशी लग्न झालं त्यांनी. भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज आपण त्यांचं नाव घेतो, पण त्यांचे सुरुवातीचे फोटो 'इलस्ट्रेटेड वीकली'त छापून आले ते नवऱ्याच्या नावाने! नंतर त्यांनी 'डालडा १३' असं टोपणनाव घेतलं. (जन्म १९१३चा, नवरा भेटला तेराव्या वर्षी आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. आहे की नाही गंमत?)

१९४२ साली त्या दिल्लीला गेल्या. अंगावर साडी, खाली सायकल आणि सोबत कॅमेऱ्याचं ओझं. तेव्हाच्या त्या मोठ्या कॅमेऱ्यांचं काम कसं असायचं, तर एक फोटो काढला की फिल्म बदला, फ्लॅशचा जळलेला बल्ब काढा, नवा बसवा. तोवर समोरचा क्षण गेलेला. 'वीस काढू, एखादा बरा येईल' हा आपला आजचा हिशेब तिथे नव्हताच.

तरीही जून १९४७ मध्ये फाळणीची योजना मान्य करताना हात वर केलेले काँग्रेसचे नेते त्यांनी टिपले. १६ ऑगस्टला लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा टिपला. पुढे गांधीजींचे अंत्यसंस्कारही टिपले.

पण एक फोटो राहिला. ३० जानेवारी १९४८ला त्या बिर्ला हाऊसमधल्या प्रार्थनेला निघाल्या होत्या. नवऱ्याने मागे बोलावलं, उद्या दोघं मिळून जाऊ म्हणून. तो उद्या आलाच नाही. ही हळहळ त्यांना जन्मभर राहिली.

आणि अशा बाईंनी १९७०मध्ये कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. नवे फोटोग्राफर ज्या पद्धतीने वागत होते, धक्काबुक्की करत होते, ते त्यांना पटेना. २०११ला पद्मविभूषण मिळालं, २०१२ला बडोद्यात त्या गेल्या, पण मधल्या चाळीस वर्षांत त्या या धंद्याकडे परत फिरकल्या नाहीत.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, एवढ्यावरून कोणी काम सोडतं का?

मग माझी गोष्ट. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दैनिकात होतो. घाटात बस कोसळली. सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर एक बाई बसली होती. मी दोन फुटांवरून फ्लॅश मारला. एकदा नाही, सहा वेळा. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चार कॉलम. ऑफिसात चहा आला, पाठ थोपटली गेली.

वर्षभराने एक मुलगा ऑफिसात आला. हातात त्या फोटोचं कात्रण. म्हणाला, "साहेब, ही आमची आई. गेल्या महिन्यात वारली. घरात तिचा दुसरा फोटो नाही." कॉपी हवी असेल म्हणून मी निगेटिव्ह शोधायला उठलो. तर तो म्हणाला, "यात रडतेय ती. रडण्याआधीचा एखादा आहे का?"

निगेटिव्ह काढून उजेडात धरल्या. सहाच्या सहा रडतानाच्या.

तो काही बोलला नाही. कात्रण नीट घडी करून खिशात ठेवलं आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

आपण उद्याच्या पेपरासाठी फोटो काढतो. पेपर परवा रद्दीत जातो, पण फोटो कुणाच्या तरी घरात राहून जातो. कधीकधी तर तेवढाच राहतो. होमाईंच्या फोटोंचं देशाच्या बाबतीत तेच झालं.

लगेच नाही सोडलं हो मी. पण त्यानंतर कुणाच्या दुःखाजवळ गेलो की बोट थबकायचं, आणि बोट थबकणारा माणूस पेपराच्या कामाचा नाही. होमाईंनी का सोडलं, ते तेव्हा थोडं कळलं.

असो. आत्या, परवा पंगतीत मोबाईलवर तुझा एक फोटो काढलाय. मस्त हसतेयस. पाठवतो.