उदासीला मुदत किती?

घरातले एखादे माणूस गप्प झाले की आपण म्हणतो, “असेल काही मनाला लागलेलं. होईल दोन दिवसांत बरं.” बहुधा तसे होतेही. पण कधी कधी दोन दिवसांचे दोन महिने होतात आणि आपण आपले तेच वाक्य घोकत बसतो. मग प्रश्न पडतो, साध्या दुःखाचे दुखणे होते तरी केव्हा? डॉक्टरांकडे जायचे केव्हा? हा प्रश्न आजचा नव्हे. त्याचे वय सुमारे अडीच हजार वर्षे आहे.

ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस याच्या नावावर जो सूत्रसंग्रह चालत आला आहे, त्यात भय आणि खिन्नता फार काळ हटली नाही तर तो रोग समजावा, अशा आशयाचे एक सूत्र आहे. या रोगाला ग्रीकांनी ‘मेलांकोलिया’ म्हटले. म्हणजे काळे पित्त. पित्त वाढले की मन काळवंडते, ही त्यांची उपपत्ती केव्हाच मागे पडली. खूण मात्र टिकली. दुःख किती मोठे, एवढेच पाहू नका. ते किती दिवस मुक्काम ठोकून आहे, तेही पाहा.

दुसरी खूण १९१७ साली व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने एका निबंधात मांडली. जिवलग गेल्यावर माणसाला जग ओसाड वाटते. तो शोक, तो रोग नव्हे. पण खिन्नतेच्या रोग्याला स्वतःचीच किंमत वाटेनाशी होते. “मी कुचकामी आहे, मी सगळ्यांना भार आहे” असे तो बोलू लागतो. घरच्यांनी हे शब्द कान देऊन ऐकावेत.

पुढे अमेरिकेत ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञाने १९६१ साली एकवीस मुद्द्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामात मन लागते का, असे साधे प्रश्न! अशा विचारांची गाठ बोलून, तपासून सोडवता येते, ही त्याची उपचारपद्धतीही याच वाटेने आली. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने मुदतही ठरवली: बहुतेक रोज, निदान दोन आठवडे. ती आजही चालते.

आता कुणी म्हणेल, हे सारे परदेशातले! तर आपल्या शेजारच्या गोव्याकडे पाहा. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. बंद पडलेली कामे थोडी थोडी पुन्हा सुरू करायला लावली. त्याचा गुण आला, असा अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. अशा दवाखान्यांत “मन उदास आहे” म्हणून फारसे कुणी येत नाही. अंग दुखते, थकवा येतो, झोप लागत नाही, हीच तक्रार असते. ही तिसरी खूण!

मग माणसे जात का नाहीत? भीती एकच: “लोक वेडा म्हणतील.” ती उगाच नव्हती. १९१२ सालच्या कायद्याच्या नावातच वेडेपणा होता. १९८७ साली नवा कायदा झाला. २०१७ सालच्या कायद्याने तर मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. कायदा बदलला, आता घरातली भाषा बदलायची आहे.

तेव्हा हिशेब सोपा ठेवा. दोन आठवडे उलटले, झोप-जेवण बिघडले, रोजचे काम होईना, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नाही, तर डॉक्टरांकडे जा. त्या माणसाला नुसते “जा” म्हणू नका, बरोबर जा. कारण उठून जाण्याची उमेद, तीच तर या दुखण्याने आधी हिरावलेली असते.

आणि मरणाची भाषा तोंडी आली, तर दोन आठवडे मोजत बसू नका. सरळ विचारा, एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा. १४४१६ ही सरकारी ‘टेलिमानस’ सेवा २०२२ पासून आहे. फोनवर मराठीतही बोलता येते. ताप चढला की आपण पंचांग पाहत नाही. मनाच्या तापालाही मुहूर्त कशाला?