विजेचें माप आणि त्यावरील मोहोर

धान्य मोजणाराची पायली सर्वांस दिसते. वीज मात्र दिसत नाहीं, आणि वापरून संपल्यावर तिचा मागमूसहि राहात नाहीं. मग तिचें माप कोणाच्या शब्दावर मान्य करावयाचें? प्रश्न आपणांस अपरिचित नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील पौतवाध्यक्ष व्यापाऱ्यांच्या वजनमापांवर राजमुद्रा उठवीत असे. कारण माप जर एकाच पक्षाच्या हातीं राहिलें तर दुसऱ्यास न्यायाची हमी उरत नाहीं.

एडिसननें १८८१ च्या सुमारास काढलेल्या मीटरांत जस्ताच्या पट्ट्या द्रावणांत बुडविलेल्या असत. वीज वाहिली कीं एका पट्टीवरील जस्त दुसरीवर जाई. कंपनीचा मनुष्य ठराविक मुदतीनें पट्ट्या घेऊन जाई, त्यांचें वजन होई व त्यावरून बिल निघे. गणित शास्त्रशुद्ध होतें, पण घरधन्यास त्यांतलें कांहींच पाहतां येत नसे. १८८९ सालीं हंगेरींतील ओट्टो ब्लाथी यानें प्रवर्तनाच्या तत्त्वावर फिरणारें मीटर सिद्ध केलें. त्यांत विजेच्या जोरानें चकती फिरते, कायम चुंबक तिला आवरतो, आणि तिचे फेरे दंतचक्रें मोजतात. या सुधारणेचा मोठा लाभ असा कीं, हिशोब घराच्या भिंतीवर उघडा झाला.

तो वाचणें कठीण नाहीं. कांट्यांच्या मीटरांत शेजारशेजारचे कांटे उलटसुलट दिशांनीं फिरतात. कांटा दोन अंकांच्या मध्यें असेल तर ओलांडलेला अंक घ्यावयाचा. आजचा आकडा ४३१८ व गेल्या महिन्याचा ४२३६ असेल, तर खप ८२ युनिटें. चाळीस वॅटचा दिवा पंचवीस तास जळला म्हणजे एक युनिट होतें.

परंतु वाचतां आलें तरी मापावर विश्वास कसा बसावा? त्याची तजवीज १९१० च्या हिंदी वीज कायद्यानें व त्याखालील नियमांनीं केली. मीटरची मोहोर बुद्ध्या तोडणें हा गुन्हा ठरला व वीज चोरणें ही चोरीच मानली गेली. पण मीटर चुकीचें आहे असा वाद उत्पन्न झाल्यास निर्णय कंपनीनें करावयाचा नसून सरकारी विद्युत् निरीक्षकानें करावयाचा होता, आणि त्यास सहा महिन्यांहून मागचा हिशोब उकरतां येत नसे. मोहोर अशी दोघांसहि बांधीत होती. २००३ च्या कायद्यानें बिनमीटर पुरवठ्यास मनाई केली, आणि ग्राहकांच्या तक्रारींसाठीं निवारण मंचाची सोय केली.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत हा विषय केवळ पुस्तकी नाहीं. कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून चिपळूण तालुक्यांतील पोफळीच्या वीजगृहांत येतें. १९६२ पासून तेथें वीज निघत आहे. ज्या डोंगरांतून इतकी शक्ति बाहेर पडते त्यांच्याच पायथ्याशीं एखादें कुटुंब ऐंशी युनिटांच्या बिलाची चिंता करीत असतें. त्याच्या पदरीं पुरावा म्हणून असतो तो भिंतीवरचा एवढा आकडा. म्हणून मीटर पागोळ्यांपासून दूर, कोरड्या जागीं असावें; मोहोरेस हात लावूं नये; ती तुटलेली आढळल्यास आपणच प्रथम लेखी कळवावें.

अलीकडील मीटरें आकडा तारेवांचून दूरच्या कचेरींत पाठवितात. एडिसनच्या पट्ट्यांप्रमाणें हिशोब पुन्हा घराबाहेर चालला आहे. फरक इतकाच कीं आकडा घरांतहि उमटतो. ज्या घरीं तो दरमहा पाहून वहींत टिपला जातो, त्या घरास वादाच्या वेळीं दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहावें लागत नाहीं.