व्हिसा मिळाला, वर्ग मिळाला नाही

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा परवा फोन आला. "सर, इंग्लंडच्या व्हिसासाठी अर्ज करतेय. आपलं बी.एड. तिकडे चालतं ना? एजंट हो म्हणतोय. अब्बा कलमांची बाग विकायला निघालेत."

मी लगेच हो म्हटलं नाही. साठ वर्षांपूर्वी याच भरवशावर आपल्याकडचे अनेक शिक्षक निघाले होते.

१९४८ च्या ब्रिटिश कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकाला तिथे जाऊन राहता येत असे. अडचण इकडे होती, आपलं सरकार पासपोर्ट सहज देत नसे. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितलं. तोवर तिकडचं दार अरुंद झालं होतं.

१ जुलै १९६२ पासून ब्रिटनमध्ये कामाला जायचं तर तिथल्या श्रम मंत्रालयाचं व्हाउचर लागू लागलं. त्याचे तीन वर्ग होते. 'ए' म्हणजे नोकरी आधीच ठरलेली, 'बी' म्हणजे हातात हुन्नर किंवा पदवी, 'सी' म्हणजे बाकीचे सगळे. १९६५ मध्ये 'सी' बंद झाला आणि वर्षाला ८,५०० व्हाउचर ठरली, त्यातली १,००० माल्टासाठी राखीव.

'बी' वर्गातून डॉक्टर गेले, शिक्षकही गेले. भारतीय वैद्यकीय पदव्यांना तिथल्या मेडिकल कौन्सिलची मान्यता १९७५ पर्यंत होती, म्हणून डॉक्टरांना दवाखान्यात काम मिळालं. शिक्षकांचं तसं झालं नाही. पदवी बघून व्हाउचर मिळालं, पण शाळेतली नोकरी स्थानिक शिक्षण खात्याच्या हाती. तिथे उच्चार आडवे आले, प्रशिक्षण अपुरं ठरलं. बी.ए., बी.टी. झालेली माणसं बसवर कंडक्टर झाली, ओतकामाच्या कारखान्यात उभी राहिली. एका खात्याचा होकार दुसऱ्या खात्याला बांधील नव्हता, हे त्यांना तिथे पोचल्यावर कळलं.

१९७३ मध्ये व्हाउचर गेलं, वर्क परमिट आलं. डिसेंबर २०२० पासून ७० गुणांचा नवा व्हिसा आहे. त्यात नोकरी देणाऱ्याचं प्रायोजकत्व, इंग्रजी आणि पगार पाहतात. शिक्षक म्हणून मान्यता, म्हणजे क्यूटीएस, ही मात्र आजही वेगळी गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडने त्यासाठी थेट अर्जाची सोय भारतीय शिक्षकांना खुली केली, तीही विज्ञान, गणित आणि भाषा शिकवणाऱ्यांनाच.

मी तिला म्हटलं, "बेटा, तू विज्ञान शिकवतेस, तुझ्यासाठी वाट आहे. पण आधी क्यूटीएस, मग शाळा, मग व्हिसा. दाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळतंय का, तेही बघ. आणि अब्बांना सांग, बाग एवढ्यात विकू नका."

ती म्हणाली, "एजंटाने हे काहीच सांगितलं नाही, सर."

तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं.