इटलीची मुरलेली लाल वाइन

वाइन जितकी जुनी तितकी उत्तम, हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात बहुतांश वाइन तयार झाल्यापासून काही वर्षांतच प्यायची असते. दशकानुदशके मुरून खुलणाऱ्या वाइन मोजक्याच; त्यांत इटलीतील काही लाल वाइनना मानाचे स्थान आहे. द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरणारे तुरट टॅनिन आणि आम्लता, हे त्यांच्या दीर्घायुष्याचे मुख्य आधार होत.

वायव्येकडील पिएमोन्ते प्रांतातील बारोलो ही नेब्बिओलो द्राक्षापासून होते. कायद्यानुसार ती किमान ३८ महिने मुरवावी लागते. त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात. कोवळेपणी ती जीभ आक्रसून टाकते. वयानुसार रंगात विटकरी छटा उतरते आणि गुलाब व डांबराची आठवण देणारा गंध दरवळतो. १९८०च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी ती लवकर पिण्याजोगी व्हावी म्हणून मोठ्या जुन्या पिंपांऐवजी २२५ लिटरची छोटी फ्रेंच पिंपे वापरली आणि परंपरावाद्यांशी त्यांचा तीव्र वाद झडला. आज ही दरी बरीच बुजली आहे.

तोस्कानातील ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चीनो केवळ सांजोवेझे द्राक्षाची असते. २०२० च्या हंगामाची ब्रुनेल्लो १ जानेवारी २०२५ पूर्वी विकता येत नव्हती, इतका हा नियम कडक आहे. अन्य द्राक्षे मिसळल्याच्या संशयावरून २००८ मध्ये काही उत्पादकांची चौकशी झाली. तथापि त्याच वर्षी उत्पादकांनी शुद्धतेच्या बाजूनेच कौल दिला.

व्हेरोनाजवळच्या अमारोनेची तऱ्हा निराळी. द्राक्षे काही महिने सुकवून मग गाळल्याने ती दाट व जहाल होते. मद्यार्काचे प्रमाण किमान १४ टक्के असते. दक्षिणेकडील कंपानियाची तौराझी आल्यानिको द्राक्षापासून बनते आणि किमान तीन वर्षे मुरते.

जुनी बाटली उघडण्यापूर्वी दिवसभर उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. नंतर ती न हिंदकळता सावकाश ओतावी. फार जुन्या वाइनचा गंध हवेत लवकर विरतो, म्हणून ती ओतल्यावर फार वेळ ठेवू नये. साठवण मात्र सर्वांत महत्त्वाची. अंधारात, १२ ते १४ अंश सेल्सिअसला आडवी ठेवलेली बाटली मुरते. उकाड्यात कपाटात राहिलेली नुसतीच शिळी होते. लेबलवरील साल पाहण्याआधी ती बाटली कुठे व कशी ठेवली होती, हे विचारणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे.